पातेल्याच्या तळाचा चहा

षड्रिपूंची यादी मी वर्गात मुलांकडून घोकून घ्यायचो, तेव्हा मत्सर नेहमी शेवटी यायचा आणि तोवर मुलांचा आवाज दमलेला असायचा. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत होती की सहांपैकी हा जरा किरकोळ शत्रू असावा. माझा मेहुणा पेनांगला राहायला गेला आणि ही समजूत मला सोडून गेली.

मेहुणा म्हणजे मुकुंद, माझ्या बायकोचा, नीताचा, धाकटा भाऊ. मलेशियातल्या पेनांग बेटावर एका कारखान्यात नोकरी करतो, एकटा राहतो आणि दर रविवारी सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चहाचा फोटो टाकतो. जाड काचेचा मग, वर दोन बोटं फेस आणि खाली एकच ओळ: ‘आपल्या चाचाकडे.’ यातल्या ‘आपल्या’ने माझा निम्मा रविवार नासतो. चहा कुणीही पिऊ शकतो हो. पण परक्या मुलुखातल्या दुकानाला ‘आपलं’ म्हणायचं म्हणजे काय!

बरं, फोटोवर अविश्वास दाखवावा तर तीही सोय राहिली नाही, कारण गेल्या वर्षी आम्ही दोघं पेनांगला जाऊन ते दुकान पाहून आलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि तिथेच जन्मलेले एक तमिळ मुसलमान चाचा. दोन मग हातभर अंतरावर धरून चहा वरून खाली ओततात आणि तो दोरीसारखा लांब होतो. सोबत तव्यावरची पदरी रोटी आणि डाळीची पातळ आमटी. खिशाला परवडतं, पोटाला बाधत नाही. तिथे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ‘बॉस’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी बॉस म्हटलं, तेही रोटी वाढताना.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की मुकुंद दुकानात शिरला मात्र, पेपर वाचत बसलेला एक म्हातारा उठला आणि त्याने आपली खुर्ची त्याला दिली. स्वतः गल्ल्यामागे जाऊन आपला मग आपणच विसळू लागला. चार माणसं चहाची वाट पाहत असताना चाचांनी पहिला मग आणून ठेवला तो मुकुंदापुढे. काय हवं, साखर किती, काही विचारलं नाही.

“बघा, माझ्या भावाला कसं ठेवलंय,” नीता म्हणाली.

“रोह्याला मंदाताईंच्या चहाच्या दुकानात मलाही कोणी काही विचारत नाही,” मी म्हणालो.

“ते खरं. तुम्हाला कुठेच कोणी विचारत नाही.”

मुकुंद फेस पुसत हसला. “भाऊजी, एकदा दाखवाच तुमचं रोहा.”

या जानेवारीत तो सुट्टीवर आला आणि ठाण्याला आमच्याकडेच उतरला. पहिल्या चहालाच त्याने आठवण काढली. आता माघार शक्य नव्हती.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी रोह्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावात खोली होती आणि रोज संध्याकाळी मंदाताईंच्या दुकानात चहा. पुढे ठाण्याची शाळा मिळाली, लग्न झालं, पण वर्षातून दोन-तीन वेळा मी एकटाच रोह्याला जातो, चहा पितो आणि परत येतो. नीता याला ‘तीर्थयात्रा’ म्हणते, पण कधी बरोबर आली नव्हती. तेव्हा या खेपेला पणाला लागलेली गोष्ट एकच होती. या पृथ्वीवर एक दुकान असं आहे ज्याला ‘आपलं’ म्हणायचा मलाही हक्क आहे, हे मेहुण्यासमोर आणि मुख्य म्हणजे बायकोसमोर सिद्ध करायचं होतं.

शनिवारी पहाटे निघालो. ज्यांना जायचंय त्यांनी सातच्या आत पनवेल ओलांडावं हे उत्तम. गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही वाचेपर्यंत तो बदललेला असेल, किंवा नसेल. गाडी नसेल तर दिव्याहून रोह्याला जाणारी रेल्वे आहे, स्वस्त आहे, खिडकीतून खाडी दिसते.

पेणच्या अलीकडे हमरापूरला वळलो. मुकुंदाला गणपती बघायचे होते. भाद्रपद लांब असला तरी इथे बारा महिने घराघरांत मूर्तींचं काम चालतं. अंगणात, ओटीवर, पडवीत पांढरेशुभ्र गणपती दाटीवाटीने बसलेले, अजून डोळे न उघडलेले. एका कारखान्याच्या कोपऱ्यात एक बाई चहा उकळत होत्या. तिथे काम करणाऱ्यांसाठीच होता तो, पण आम्ही घुटमळलेलो पाहून त्यांनी हाक मारली.

“या ओ, घ्या घोटभर. कुठनं आलाव?”

“मी पेनांगहून,” मुकुंद म्हणाला.

“पेणहून? पेणवाल्याला कशाला बघायचं हाय इथं?”

“नाही हो, पेनांग. परदेशात. विमानाने पाच-सहा तास.”

“अगो बाय! एवढ्या लांबून?” बाईंनी आत वळून आरोळी दिली, “ऐकलंव का, विमानातनं आलेत बघा गणपती बघाया!”

संपलं. रंगकाम करणारे हात पुसत बाहेर आले. मुकुंदाला खुर्ची, मुकुंदाला पहिला चहा, मुकुंदाच्या हातात ब्रश देऊन उंदराची शेपटी रंगवायला सांगितली, आणि ती बिघडल्यावर तोच उंदीर त्याला भेट दिला. मी ठाण्याहून आलोय हे मी दोनदा सांगितलं. पण त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात विशेष काही नाहीच.

पेणला न्याहारी. बाजारपेठेत एका गल्लीत तीन टेबलांचं दुकान आहे. नाव मुद्दाम देत नाही, बसायला जागा उरत नाही मग. मिसळ ऐंशी रुपये, बरोबर पाव आणि वाटीभर ताक. मटकीला मोड बेताचे, तर्रीला रंग भरपूर आणि जाळ त्या मानाने सभ्य. मालकाने मुकुंदाची फिरंगी टोपी पाहिली आणि विचारलं, “तिखट झेपंल ना सायेब?” मुकुंदाने तिसऱ्या घासाला मान डोलावली, तशी मालकाने खूश होऊन त्याला तर्रीची आणखी वाटी दिली, फुकट. माझी वाटी रिकामी होती. ती मी टेबलावर जरा वाजवून ठेवली.

“तुमाला बी पायजे काय?” मालक म्हणाला. “वीस रुपये.”

नीताने ठसका लागल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. नंतर तिने पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली. पेणला जाऊन पापड न आणणाऱ्याला घरात घेत नाहीत, तुम्हीही विसरू नका.

वडखळला अलिबागकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली होती. ती उजवीकडे सोडून आम्ही सरळ नागोठण्याला आलो. अंबा नदीजवळ एक घरगुती खानावळ आहे. भिंतीवर मालकाच्या छातीइतक्या उंचीवर एक मळकट रेघ दिसेल, ती पुराच्या पाण्याची. दर दिवाळीला भिंत रंगवतात, पण रेघेला हात लावत नाहीत. मालक ती अशी दाखवतो, जशी इतर लोक मुलाची उंची दाखवतात. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्यापुढे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. बिरडं अप्रतिम होतं. पण मुकुंदाला खाडीचा जिताडा मिळाला. या भागात हा मासा घरी आलेल्या जावयाला घालतात. मालकाने डोक्याचा तुकडा वेगळा काढून आणला. “ह्यो आमी सगळ्यांना देत नाय,” तो म्हणाला. ते डोकं मी मेलो तरी खाणार नव्हतो. तरी ते मला दिलं नाही याचं मला वाईट वाटलं. मत्सराची प्रकृती ही अशी असते. त्याला भूक नसली तरी पान हवं असतं. (जिताड्याचा भाव रोज बदलतो. विचारून मग बसा.)

नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला जाणारा रस्ता अरुंद आहे, पण सुरेख आहे. दोन्हीकडे झाडी, मध्येच लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या वाडीवरच्या बायका, शेतांत वालाच्या शेंगा. मुकुंद मागे बसून म्हणाला, “भाऊजी, चाचाला फोटो पाठवतो.” मी म्हणालो, “पाठव.” मनात म्हणालो, आता बघ. इतका वेळ सगळी ठिकाणं तटस्थ होती. आता माझं घरचं मैदान.

मंदाताईंचं दुकान कुंडलिका नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. बाहेर एक लांब बाक, आत दोन छोटे, आणि भट्टीवर काळं पडलेलं मोठं पातेलं. चहा गवती पात आणि आलं घालून, दहा रुपये. आम्ही पोचलो तेव्हा कंपनीची बस नुकतीच माणसं सोडून गेली होती आणि पहिल्या शिफ्टचे लोक बाहेर उभे होते. बाकावर एकच जागा रिकामी होती, माझी नेहमीची, भिंतीकडची. मी ऐटीत जाऊन बसलो.

मंदाताईंनी पदराने घाम टिपला, माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

“आलाव सर? उठा बघू. पावन्यांना बसू द्या.”

मी उठलो. मुकुंद बसला. “ह्या वैनी ना? बसा गो, बसा,” म्हणत त्यांनी नीतासाठी आतून स्वतःचं स्टूल आणवलं, म्हणजे मला आणायला लावलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

मग कपबश्या निघाल्या. निळ्या फुलांच्या. इतक्या वर्षांत त्या दुकानात कपबशी आहे हेच मला माहीत नव्हतं. पहिला कप मुकुंदाला, बशीत दोन खारी. “साखर चालते ना? आलं जास्त नाय ना झालं?” दुसरा नीताला. तिला विचारून दूध थोडं वाढवलं.

“कुठं असताव तुमी?” त्यांनी मुकुंदाला विचारलं.

“पेनांग. तिथेही असाच एक चहावाला आहे माझा. चहा असा ओढतो.” मुकुंदाने दोन्ही हात लांब करून दाखवलं.

“सांडत नाय?”

“थेंबही नाही.”

“मग त्याला इकडं पाठवा. हा सखाराम दूध ओततो तर अर्धं भट्टीला पाजतो.” सखाराम म्हणजे त्यांचा भाऊ, तो कोपऱ्यात खारीचे डबे लावत होता. सगळे हसले. मुकुंद सर्वांत मोठ्याने हसला. सखारामही हसला. मी हसलो नाही.

“सर, हे तेवढं बाहेर द्या हो,” म्हणून मंदाताईंनी माझ्या हातात ट्रे दिला. शिफ्टवाल्यांना चहा वाटून मी परत आलो. आणखी एक ट्रे. तोही वाटला. बाहेरचा एक जण मला म्हणाला, “नवीन लागलाव काय?” हे नीताने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पाहिलेले नाहीत.

शेवटी पातेलं खाली आलं. मंदाताईंनी गाळणं धरून एक ग्लास भरला आणि मी हात पुढे केला. तेवढ्यात बाहेर एक सेल्समन मोटारसायकल लावून आला. “एक मिळेल का?” मंदाताईंचा हात माझ्या हातासमोरून गेला, माझा ग्लास घेऊन, थेट त्या माणसाकडे.

माझा संयम सुटला. “ताई, मी काय घोडं मारलंय? सगळं गाव पिऊन झालं. हे तर आत्ता आलेत!”

मंदाताईंना खरंच कळलं नाही. “तुमी कुठं जाताव, सर?”

“म्हणजे?”

“त्यांना जायचं हाय. ते पावनं. तुमी घरचंच ना? घरच्या मानसाला आधी चहा देतात काय? लोक काय म्हनतील?”

मग त्यांनी पातेलं तिरकं केलं. तळाशी काळपट चहा उरला होता, आल्याचा चोथा, गवती पातीचे तुकडे. फळीवरचे स्टीलचे दोन पेले काढून तो त्यांनी अर्धा-अर्धा केला. एक मला दिला. दुसरा घेऊन त्या भट्टीजवळच्या फळकुटावर बसल्या आणि सरकून मला जागा केली. मंदाताई दुकानात बसलेल्या दिसतात त्या एवढ्या वेळापुरत्याच. मला हे माहीत होतं, कारण इतकी वर्षं मी त्या वेळी त्यांच्या शेजारीच बसत आलो होतो. गर्दी असते म्हणून उशीर होतो, एवढंच मी समजत होतो. एकटा जायचो, शेजारी पाहुणा नव्हता. फरक कळणार कसा?

धर्मशास्त्रात सांगितलंय की गृहस्थाने पाहुण्यांची पानं उठल्यावर जे उरेल ते खावं. त्या उरलेल्या अन्नाला विघस असा स्वतंत्र शब्दही आहे. मी तो याच गावात, इथून दोन गल्ल्या पलीकडे, फळ्यावर लिहून दिलेला आहे.

चहा कडू होता. मी पुरवून पुरवून प्यायलो.

“सूनबाई बरी आहे?” मी विचारलं.

“हाय. आता चौथा लागलाय.”

एवढंच बोललो आम्ही. नेहमी एवढंच बोलतो.

पेला विसळून फळीवर उपडा ठेवला आणि वळलो, तर नीता माझ्याकडे पाहत होती, वेगळ्याच नजरेने. आणि मुकुंद निळ्या फुलांच्या कपाकडे. त्याची एक खारी बशीत तशीच होती.

परतीला मुकुंद वडखळच्या आसपास म्हणाला, “ताई, चाचा मला नेहमी पहिला देतो.”

“चांगलं आहे की,” नीता म्हणाली.

“अगदी पहिल्या दिवसापासून. अजूनही. तो म्हातारा उठून मला खुर्ची देतो ना, आणि आत जाऊन आपला मग विसळतो. मला वाटायचं, बिचाऱ्याला कोणी विचारत नाही.”

मी गाडी चालवत होतो. सकाळपासून ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच होता. नीतासमोर माझं दुकान माझं ठरलं होतं आणि मेहुण्याचं त्याचं उरलं नव्हतं. मला आनंद झाला, नाही असं नाही. वडखळपासून पेणच्या पुलापर्यंत तो टिकला. मग आरशात मागच्या सीटवर मुकुंद दिसला, मांडीवर तो वाकड्या शेपटीचा उंदीर घेऊन बसलेला. इतकी वर्षं एकटा राहतो तिकडे. त्या एका ‘आपल्या’वर त्याचा आठवडा उभा होता, आणि मी तो हिसकून घ्यायला पेट्रोल जाळून इथवर आलो होतो.

“चाचांना सवय झाली असेल तशी,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीताने चहा गाळला आणि रिवाजाप्रमाणे पहिला कप मुकुंदापुढे ठेवला. त्याने तो माझ्याकडे सरकवला.

“आधी भाऊजींना.”

“ते कधीपासून पाहुणे झाले?” ती म्हणाली. मग थांबली. कप उचलून माझ्यासमोर ठेवला, भांड्याच्या तळाशी उरलेला चहा दोन कपांत ओतला, एक भावाला दिला, एक स्वतःला घेतला आणि दोघं ओट्याला टेकून, उभ्यानेच प्यायले. मी टेबलाशी एकटा बसून ताजा, पहिल्या धारेचा चहा घेतला. चव लागली नाही.

या सहलीतलं आता घरात उरलंय ते असं: पापड संपत आलेत, मिरगुंडं संपली, उंदीर नीताने खिडकीत ठेवलाय. तुम्ही जाणार असाल तर मंदाताईंकडे तुम्हाला निळ्या फुलांच्या कपात चहा मिळेल, पहिल्या फेरीत, खारीसकट. तो उत्तम असतो म्हणे. मी प्यायलेलो नाही.

मुकुंद परत गेल्यावर काही रविवार ग्रुपवर फोटो आला नाही. मी विचारलं नाही. नीताने विचारलं तेव्हा त्याचं उत्तर आलं: ‘परवा उठून माझा मग विसळायला गेलो. चाचा ओरडला, बॉस, बसा, बसा.’ त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच, फक्त ‘बसा’ एकदाच. पुढे काही रविवार पुन्हा काहीच आलं नाही.

आणि काल फोटो आला. चाचांच्या दुकानाचाच, पण मला आधी ओळखू येईना, कारण तो गल्ल्याच्या आतल्या बाजूने काढलेला होता. पुढे चाचांची पाठ, त्यांच्या खांद्यावरून दिसणारी गिऱ्हाईकं, आणि कडेला पेपर बगलेत धरून उभा असलेला तो म्हातारा. खालच्या कोपऱ्यात अर्धाच भरलेला मग. फेस अजिबात नाही. खाली ओळ होती:

‘आज सगळ्यांत शेवटी मिळाला. पार गार होता.’

नीताने त्यावर तीन बदाम टाकले. माझा निम्मा रविवार पुन्हा नासला. मंदाताईंनी मला आजवर कधीही गार चहा दिलेला नाही. मी उद्याच रोह्याला जाऊन येतो.